सहाशे फूट कागद

१० एप्रिल १९७८ या तारखेचा एक करार आहे. एका बाजूला कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोची दोन वर्षांची कंपनी, अ‍ॅपल कॉम्प्युटर. दुसऱ्या बाजूला शेपर्डसन मायक्रोसिस्टिम्स नावाची, बाहेरची कामं घेणारी छोटी सॉफ्टवेअर कंपनी. काम काय, तर अ‍ॅपल-टू या संगणकाला नव्याने जोडल्या जाणाऱ्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी डॉस, म्हणजे डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम, लिहून द्यायची. त्यात फाइली सांभाळणारा भाग हवा, बेसिक भाषेच्या दोन्ही प्रकारांशी जोडणी हवी, आणि डिस्कची नक्कल काढणारे, बिघडलेली डिस्क सावरणारे छोटे प्रोग्रॅम हवेत. मोबदला १३,००० डॉलर. त्यातले ५,२०० आधी, ७,८०० काम हाती आल्यावर. रॉयल्टी नाही. मुदत ३५ दिवस.

तेव्हाच्या दराने ही रक्कम लाख रुपयांच्या थोडी वर जाते. आज जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांमध्ये गणल्या जाणाऱ्या अ‍ॅपलची पहिली डिस्क ऑपरेटिंग सिस्टिम एवढ्या पैशात, बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेली आहे. शेपर्डसनसाठी काम करणाऱ्या त्या माणसाचं नाव पॉल लॉटन. अ‍ॅपलवरच्या सिनेमांत हे नाव सापडणार नाही. तिथे दोन स्टीव्ह आहेत, गॅरेज आहे, आणि मग एकदम झगमगता रंगमंच आहे. मधला सगळा व्यवहार, म्हणजे कोणी कोणाला किती पैसे दिले, कोणतं काम बाहेर टाकलं, मुदत कितीची होती, हे दंतकथेच्या कामाचं नसतं. ते कागदात राहतं, आणि तेही कोणी कागद ठेवला असेल तर.

लॉटनने ठेवले. करार ठेवला, पत्रव्यवहार ठेवला, प्रोग्रॅमची छापील लिस्टिंग ठेवली. कॅलिफोर्नियात सांता क्रूझच्या डोंगरात बोल्डर क्रीक इथे ब्रूस डेमर यांनी एका जुन्या कोठारात ‘डिजिबार्न’ नावाचं संगणकांचं खाजगी संग्रहालय उभं केलं. लॉटनचे कागद त्यांच्यापर्यंत पोचले. पुढे माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने, अ‍ॅपलची परवानगी घेऊन, नोव्हेंबर २०१३ मध्ये हा सोर्स कोड लोकांसाठी खुला केला. लिहिल्यापासून पस्तीस वर्षांनी.

या कागदांतून काय कळतं ते बघण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९७७ साली बाजारात आलेला अ‍ॅपल-टू हा उत्तम संगणक होता, पण त्याला साठवणुकीची सोय म्हणजे साधा कॅसेट रेकॉर्डर. माइक मार्कुला हे कंपनीत पैसे घालणारे आणि तिला शिस्त लावणारे गृहस्थ. स्वतःच्या चेकबुकाचा हिशोब ठेवायला त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता, आणि तो कॅसेटवरून चढवायला लागणाऱ्या वेळेला ते वैतागले होते. डिसेंबर १९७७ मध्ये त्यांनी फ्लॉपी ड्राइव्ह हवाच असं ठरवलं. स्टीव्ह वॉझ्नियॅकने नाताळच्या सुट्टीत, रँडी विगिंग्टन या किशोरवयीन मदतनिसाला हाताशी धरून, ड्राइव्ह चालवणारं कार्ड तयार केलं. इतर कंपन्यांच्या कार्डावर चिपांची दाटी असायची. वॉझ्नियॅकने ते काम आठ चिपांत भागवलं, उरलेलं सॉफ्टवेअरवर ढकललं. शुगार्ट कंपनीकडून ड्राइव्ह घेतानाही त्यातलं बरंचसं इलेक्ट्रॉनिक सामान काढूनच मागवलं. हे सगळं खरं आहे, आणि अभियंते आजही त्या कार्डाबद्दल आदराने बोलतात.

पण कार्ड म्हणजे डॉस नव्हे. ड्राइव्हवर फाइल कुठे लिहिली, कुठे संपली, कोणती जागा मोकळी आहे, याची नोंदवही कोणीतरी ठेवायला हवी. ते लिहायला अ‍ॅपलमध्ये त्या घडीला मोकळा माणूस नव्हता. म्हणून करार.

लॉटनने हे काम कसं केलं ते आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटेल. तो कोड हाताने कागदावर लिहायचा. शेपर्डसनमध्ये तो कागद बघून पंचकार्डं पाडली जायची. कार्डं नॅशनल सेमिकंडक्टरच्या आयएमपी-१६ या मिनी-कॉम्प्युटरमध्ये जायची, तिथे त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर व्हायचं, आणि बाहेर यायची छिद्रं पाडलेली कागदी पट्टी. ती पट्टी वाचता यावी म्हणून अ‍ॅपल-टूमध्ये बसणारं एक कार्ड तयार करून घेतलं होतं. मग चाचणी, चुका, आणि पुन्हा हाताने लिहिणं. ज्या संगणकासाठी प्रोग्रॅम लिहायचा, त्या संगणकावर तो लिहायची सोय अजून नव्हती. ती सोय म्हणजेच हा प्रोग्रॅम.

दर फेरीला आवृत्तीचा आकडा थोडा वाढायचा: ०.१, ०.२ असं करत २.८ पर्यंत. त्या २.८ ला ३.० नाव देऊन तपासायला घेतलं, दोष सापडले, आणि जून १९७८ मध्ये ग्राहकांच्या हाती आली ती ३.१. अ‍ॅपलच्या डॉसची पहिली आणि दुसरी आवृत्ती कुठे गेली, हा प्रश्न जुन्या मशीनच्या शौकिनांना पडायचा. उत्तर इतकं साधं आहे. त्या निघाल्याच नाहीत.

हा झाला एका माणसाने जपलेला ऐवज. कंपनीचा स्वतःचा ऐवज वेगळीकडे आहे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात ‘अ‍ॅपल कॉम्प्युटर इन्कॉर्पोरेटेड रेकॉर्ड्स, १९७७-१९९८’ या नावाचा संग्रह आहे. खोकी एकाशेजारी एक लावली तर फळीची लांबी सहाशे फूट भरते. म्हणजे साधारण दोन फुटबॉल मैदानांची लांबी. यादी वाचताना कुठल्याही मोठ्या कचेरीचा रेकॉर्ड रूम डोळ्यांपुढे येतो: कोण कोणाच्या हाताखाली याचे तक्ते, वार्षिक अहवाल, कर्मचाऱ्यांच्या दूरध्वनी पुस्तिका, अंतर्गत पत्रकं, अभियंत्यांचे अहवाल, डिझाइनचं साहित्य, प्रसिद्धिपत्रकं, मॅन्युअलं, मनुष्यबळ खात्याचे कागद, संचालक मंडळाच्या निर्णयांची माहिती. त्याच्या जोडीला ध्वनिफिती, चित्रफिती, सॉफ्टवेअर, हार्डवेअर आणि कंपनीच्या छापाचे टी-शर्ट. एका चित्रफितीत कंपनीला नाव कसं पडलं ते तिचे संस्थापक स्टीव्ह जॉब्ज आणि वॉझ्नियॅक सांगतात. दुसरी म्हणजे १९८४ च्या सुमाराची कंपनीची अंतर्गत करमणूक: ‘घोस्टबस्टर्स’ या सिनेमाचं विडंबन, नाव ‘ब्लू बस्टर्स’. त्यातला भुताटकीचा मान अर्थातच आयबीएमला.

हे सगळं स्टॅनफर्डला कसं आलं, ही गोष्ट मला त्यातल्या ऐवजाइतकीच बोलकी वाटते. अ‍ॅपलमध्ये स्वतःचं संग्रहालय काढायचा बेत होता आणि त्यासाठी सामान गोळा होत होतं. १९९७ मध्ये स्टीव्ह जॉब्ज कंपनीत परतला. त्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलला शंभर कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला होता. बुडत्या कंपनीला संग्रहालय परवडत नाही, आणि जॉब्जला तसंही मागे बघण्यात रस नव्हता. संग्रहालयाचा बेत गुंडाळला आणि सगळा ऐवज विद्यापीठाला देऊन टाकला. नव्या फ्लॅटमध्ये जाताना आजोबांची पेटी काकांच्या वाड्यात नेऊन ठेवावी, तसा हा प्रकार. पेटी टाकवतही नाही, आणि नव्या घरात तिला जागाही नाही.

काकांनी मात्र पेटी नीट ठेवली. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे संग्राहक हेन्री लोवूड यांनी स्टॅनफर्डमध्ये सिलिकॉन व्हॅलीचे कागद गोळा करण्याचं काम त्याआधीच सुरू केलेलं होतं. माउस जगाला दाखवणाऱ्या डग्लस एंगलबर्ट यांचे कागद तिथेच आहेत. त्यामुळे अ‍ॅपलची खोकी आली तेव्हा ती कशी लावायची, कशी नोंदवायची, हे माहीत असलेली माणसं तिथे होती. २०११ मध्ये जॉब्जच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत एका वृत्तसंस्थेचा बातमीदार तिथे गेला. त्याला खोकी दाखवली ती या अटीवर, की गोदामाचा पत्ता छापायचा नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातलं, तापमान राखलेलं एक गोदाम, एवढंच बातमीत आलं. कारण उघड आहे. ज्याला अभ्यासक पुरावा म्हणतो, त्याला लिलाववाला माल म्हणतो.

माल म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देतो. अ‍ॅपलची स्थापना १ एप्रिल १९७६ रोजी तीन जणांनी केली. जॉब्ज ४५ टक्के, वॉझ्नियॅक ४५ टक्के, आणि वयाने मोठा, भांडण झालं तर तोडगा काढणारा रोनाल्ड वेन १० टक्के. करार वेननेच टाइप केला. बाराव्या दिवशी तो बाहेर पडला. कंपनी कर्जात गेली तर घेणेकरी आपल्याच दारात येतील, कारण तिघांत मालमत्ता असलेला आपण एकटेच, हा त्याचा हिशोब होता. १० टक्क्यांचे त्याला ८०० डॉलर मिळाले, नंतर आणखी १,५०० मिळाले. वेनच्या या निर्णयाला मूर्खपणा म्हणायची पद्धत पडली आहे. मला त्यात मूर्खपणा दिसत नाही. तेव्हा कंपनीकडे होती ती दुकानदाराची एक ऑर्डर आणि उधारीवर घ्यायचे सुटे भाग. पण कराराची त्याच्याकडची प्रत त्याने पुढे नव्वदच्या दशकात ५०० डॉलरला विकली. तोच तीन पानी करार डिसेंबर २०११ मध्ये सदबीजच्या लिलावात कमिशन धरून १५ लाख ९४ हजार ५०० डॉलरला गेला. स्टॅनफर्डच्या संग्रहाचं शीर्षक १९७७ पासून सुरू होतं हे आता पुन्हा वाचा. कंपनीच्या जन्माचा दाखला संग्रहात न जाता बाजारात फिरला, आणि तो कोणाच्या तिजोरीत राहील हे लिलावातली बोली ठरवते.

वस्तूंची गतही तीच. लाकडी पेटीशिवाय, नुसत्या सर्किट बोर्डच्या रूपात विकलेले अ‍ॅपल-वन जेमतेम दोनशे बनले. किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट. त्यातला एक २०१४ साली हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९ लाख ५ हजार डॉलरला विकत घेतला. दुकानदार पॉल टेरेलला पहिले पन्नास नग प्रत्येकी ५०० डॉलरला पुरवले होते. बोर्ड मिळाला, बरं झालं. पण त्या पन्नास नगांचं चलान, सुटे भाग कोणाकडून किती दिवसांच्या उधारीवर घेतले याचा कागद, हे माझ्या लेखी बोर्डाहून मोलाचं आहे. बोर्ड बघून यंत्र कळतं. धंदा कळायला चलान लागतं.

धंद्याचा असा एक कागद फार गाजला आहे. ३ जानेवारी १९७७ ला कंपनीची रीतसर नोंदणी झाली, त्याच सुमारास मार्कुलाने एका पानावर विक्रीचं धोरण लिहिलं. त्यात तीनच मुद्दे आहेत. पहिला, ग्राहकाच्या मनात शिरा. दुसरा, बिनमहत्त्वाची कामं सोडून द्या. तिसरा सगळ्यांत वेधक. माल कितीही चांगला असला तरी तो गबाळा मांडला तर लोक त्याला गबाळाच समजतात, म्हणून खोकं, कागद, पत्रक, सगळं नेटकं हवं. पुढे चाळीस वर्षं अ‍ॅपलची खोकी उघडताना लोकांनी जे कौतुक केलं, त्याचं बीज या पानात आहे. जॉब्जच्या सौंदर्यदृष्टीवर शेकडो पानं लिहिली गेली. हे एक पान मात्र इंटेलमधून तरुणपणी निवृत्त झालेल्या मार्केटिंगवाल्याने लिहिलेलं आहे.

याच मार्कुलाने कंपनीत अडीच लाख डॉलर घातले. त्यातले ८०,००० भागभांडवल, बाकीचं कर्ज. हे झाल्यावर गॅरेजचं काय उरतं? लॉस अल्टोसच्या क्रिस्ट ड्राइव्हवरच्या जॉब्जच्या बालपणीच्या घराला २०१३ मध्ये स्थानिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पुढच्याच वर्षी खुद्द वॉझ्नियॅकने एका मुलाखतीत सांगून टाकलं की गॅरेजची गोष्ट बरीचशी दंतकथाच आहे, डिझाइन तिथे झालं नाही. वारशाची पाटी मात्र लागली ती लागलीच.

मॅकिंटॉशच्या कागदांत हे आणखी गुंतागुंतीचं होतं. जेफ रास्किन हा अ‍ॅपलच्या मॅन्युअल खात्याचा प्रमुख, मुळात संगीत आणि कला यांतून आलेला विद्वान. १९७९ च्या वसंतात त्याने मार्कुलापुढे एका स्वस्त संगणकाची कल्पना मांडली: सामान्य माणसाने वापरायचा, पाचशे डॉलरच्या आसपास मिळणारा, आतून उघडायची गरज न पडणारा. त्याने त्यावर टिपणांमागून टिपणं लिहिली आणि त्या चळतीला ‘द बुक ऑफ मॅकिंटॉश’ नाव दिलं. संगणक लाखोंनी विकायचे ठरवले तर काय काय प्रश्न येतील, आणि लाखो लोक ते घेऊन नेमकं करणार काय, हा प्रश्न त्याने १९७९ मध्ये लेखी विचारला आहे. रास्किनचे कागदही स्टॅनफर्डमध्येच आहेत. २००० साली तिथल्या ग्रंथालयाने ‘मेकिंग द मॅकिंटॉश’ या प्रकल्पात त्यातले निवडक लोकांसमोर आणले, आणि मॅकिंटॉश म्हणजे जॉब्ज हे समीकरण ढिलं पडलं.

पण हाच पुरावा रास्किनच्याही विरोधात जातो, हे कमी लोक सांगतात. त्याच्या टिपणांतला मॅकिंटॉश आणि २४ जानेवारी १९८४ ला २,४९५ डॉलरला बाजारात आलेला मॅकिंटॉश यांत नावाखेरीज फार थोडं सारखं आहे. रास्किनचा संगणक मोटोरोलाच्या ६८०९ या बारक्या प्रोसेसरवर चालणारा, माउसविना वापरायचा होता. १९८१ च्या सुरुवातीला जॉब्जने प्रकल्प ताब्यात घेतला, त्याआधीच प्रकल्पातल्या बड ट्रिबल आणि बरेल स्मिथ यांनी अ‍ॅपलच्याच लिसा या दुसऱ्या संगणकासाठी निवडलेला ६८००० प्रोसेसर इथे आणायचा घाट घातला होता. हा स्मिथ मुळात कंपनीच्या दुरुस्ती खात्यातला तंत्रज्ञ. रास्किन १९८२ मध्ये कंपनी सोडून गेला, आणि आपलं श्रेय नाकारलं गेल्याची खंत शेवटपर्यंत बोलून दाखवत राहिला. ज्याला श्रेयाची काळजी असते तो आपले कागद तारीखवार लावून ठेवतो. ज्याला ती नसते, त्याचे कागद रद्दीत जातात. संग्रहात कोणाचा आवाज मोठा ऐकू येतो, हे असं ठरतं. बरेल स्मिथची टिपणांची चळत नाही. त्याचं म्हणणं त्याच्या सर्किट बोर्डात आहे, आणि ते वाचायला वेगळा वाचक लागतो.

कंपन्या कागद जपतात ते इतिहासासाठी, असा कोणाचा समज असेल तर त्याने अ‍ॅपल विरुद्ध फ्रँकलिन हा खटला बघावा. फ्रँकलिन नावाच्या कंपनीने १९८२ मध्ये अ‍ॅपल-टूसारखा चालणारा संगणक काढला आणि त्यासाठी अ‍ॅपलचे चौदा प्रोग्रॅम उचलले. लॉटनच्या कामावर उभी असलेली डॉस ३.३ त्यातच होती. चिपमध्ये कोरलेला, माणसाला वाचता न येणारा प्रोग्रॅम लेखनहक्काखाली येतो का, याबद्दल खालच्या न्यायालयाला शंका वाटली आणि त्याने मनाईहुकूम नाकारला. अपिलात ऑगस्ट १९८३ मध्ये निकाल फिरला: येतो. नक्कल झाल्याचा पुरावा काय होता? फ्रँकलिनच्या प्रतीत अ‍ॅपलच्या जेम्स ह्यूस्टन या प्रोग्रॅमरचं नाव जसंच्या तसं राहून गेलं होतं. फ्रँकलिनने पुढे २५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. सॉफ्टवेअरच्या मालकीचा आजचा सगळा व्यवहार ज्या पायावर उभा आहे, त्यातली एक वीट १३,००० डॉलरच्या त्या कंत्राटातून आली आहे.

वकिलांचा हाच पहारा पुढे अभ्यासकांना आडवा येतो. मॅकपेंट हा १९८४ चा चित्र काढायचा प्रोग्रॅम, बिल अ‍ॅटकिन्सनने लिहिलेला. पास्कलच्या ५,८२२ ओळी आणि असेंब्लीच्या ३,५८३. वाचणाऱ्यांनी त्याला नमुनेदार म्हटलं आहे. अ‍ॅटकिन्सनकडे जुन्या फ्लॉप्या होत्या, त्या वाचायला जुनं लिसा मशीन शोधावं लागलं. ते जमलं, पण खुला करण्याची परवानगी मिळण्यात वर्षं गेली. शेवटी २०१० मध्ये थेट जॉब्जला विचारल्यावर काम झालं आणि त्या जुलैत कोड लोकांपुढे आला. ज्याला मागे बघायला आवडत नव्हतं, त्यानेच दार उघडलं. लिसाचा सोर्स कोड तर जानेवारी २०२३ मध्ये, त्या मशीनच्या चाळिसाव्या वाढदिवशी, खुला झाला. ९,९९५ डॉलर किमतीचं ते मशीन फारसं खपलं नव्हतं. १९८९ च्या सप्टेंबरात अ‍ॅपलने न खपलेले सुमारे २,७०० लिसा युटा राज्यातल्या लोगन गावच्या कचरा डेपोत पहारा ठेवून पुरून टाकले. करात सूट मिळत होती. आज त्याच यंत्राचा कोड संग्रहालय जपून ठेवतं.

अ‍ॅपल निदान जगली. अल्टेअर बनवणारी एमआयटीएस १९७७ मध्ये विकली गेली, प्रोसेसर टेक्नॉलॉजी आणि आयएमएसएआय १९७९ मध्ये मिटल्या, ऑसबर्नने १९८३ मध्ये दिवाळं काढलं. कंपनी बुडते तेव्हा लिक्विडेटर टेबलं-खुर्च्या मोजतो. फाइली मोजायला त्याला कोणी सांगत नाही. अशा कंपन्यांचं जे काही उरलंय ते कर्मचाऱ्यांच्या माळ्यांवर उरलंय.

आणि माळ्यावरचा कागद टिकतो. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर उडतो, थर्मल कागदावरची छपाई फिकी पडते, चित्रफितीचा गोंद सुटतो. वॉल्टर आयझॅक्सनने जॉब्जचं चरित्र लिहिलं आणि नंतर लिओनार्दो दा व्हिंचीचंही. लिओनार्दोच्या वह्यांची ७,२०० हून जास्त पानं पाचशे वर्षांनी वाचता येतात, आणि एकूण लिखाणापैकी टिकलेल्याचं हे प्रमाण जॉब्जला नि आपल्याला मिळून त्याच्या नव्वदच्या दशकातल्या ईमेलांतून जेवढं परत मिळवता आलं त्याहून मोठं आहे, असं त्याने नमूद केलं आहे. स्वतः संगणक बनवणाऱ्याला स्वतःची पत्रं उघडता आली नाहीत.

हा प्रश्न कॅलिफोर्नियापुरता नाही, तो या दिवाळी अंकापर्यंत येतो. नव्वदच्या दशकात मराठी छपाई खिळ्यांवरून संगणकावर आली ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरवर, आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्रज्ञानावर. तेव्हाचे बहुतेक फॉन्ट युनिकोडच्या बाहेरचे. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरं बसवलेली. त्या फाइली आज तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडा, म्हणजे समोर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा येतो. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासायला माणूस बसवावा लागतो. त्या काळचे अंक छापील रूपात आहेत म्हणून वाचता येतात.

उद्योगांचे कागद जपायची रीत आपल्याकडे नाही असंही नाही. पुण्यात टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज आहे, विक्रोळीला गोदरेजचं अर्काइव्ह्ज आहे. मोठ्या घराण्यांना हे परवडतं. संगणकाच्या धंद्यातली आपली माणसं मात्र बहुतेक छोट्या गाळ्यांत होती: अंधेरीच्या सीप्झमध्ये, लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या पेठांत. आयातीचे परवाने मिळवत, सुटे भाग जुळवत, बँकांना आणि साखर कारखान्यांना मशीन विकत. देवनागरी पडद्यावर आणण्यासाठी झगडणारेही त्यांतच होते.

तुमच्यापैकी कोणी त्या काळात अशा कंपनीत असाल, किंवा तुमच्या वडिलांची अशी फर्म असेल, तर माळ्यावरचं खोकं रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडा. दरपत्रकं, डीलरशी झालेली पत्रं, परवान्याचे अर्ज, सर्किटचे आराखडे, प्रोग्रॅमची लिस्टिंगं, पगारपत्रकंसुद्धा, फेकू नका. फोटोंच्या मागे नावं आणि साल पेन्सिलीने लिहा. फ्लॉप्या असतील तर वाचणारं मशीन मिळेपर्यंत कोरड्या जागी ठेवा, आणि ज्याचा छापील उतारा आहे तो वेगळा काढा. जवळच्या विद्यापीठाच्या किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला फोन करा. तो नाही म्हणाला तर दुसऱ्याला करा. लॉटनने ३५ दिवसांच्या कंत्राटाचे कागद ३५ वर्षं ठेवले, तेव्हा ते कोणी मागायला आलेलं नव्हतं.